न तुटलेला पट्टा

मिस्त्रींनी जुना पट्टा फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. इंचभर रुंद, काळा, आतल्या अंगाला एकसारखे दाते. पाठीवर छापलेले पांढरे आकडे अजून वाचता येत होते. मी तो दाराशी उजेडात नेला. उलटा वाकवला, दोन दात्यांच्या बेचक्यात नख घालून पाहिलं, कडेनं बोट फिरवलं. कुठं भेग नाही, सुटलेला धागा नाही, तेलाचा डाग नाही. 12 वर्षं आणि 61 हजार किलोमीटर इंजिनाबरोबर फिरलेली वस्तू. पण आजच दुकानातून आणली म्हणून कुणी सांगितलं असतं, तरी मी मान डोलावली असती.

"चांगलाच आहे की हो हा," मी म्हणाले.

"चांगलाच हाय," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर बदलायचा."

त्यांचं हे बोलणं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या पट्ट्यासारखंच मी ते उजेडात धरून उलटसुलट करून पाहते आहे.

माझी गाडी 2012 सालची फिगो, 1.4 लिटरचं डिझेल इंजिन. शाळा घरापासून चार किलोमीटरवर, महिन्यातले दोन रविवार पन्हाळ्याच्या पायथ्याला माहेरी, मे महिन्यात एखादी कोकणची खेप. एवढंच तिचं फिरणं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात मिस्त्रींचं गॅरेज आहे. एका बाजूला लेथची घरघर, दुसऱ्या बाजूला कास्टिंग घासल्याचा वास, आणि मध्ये तीन गाड्या मावतील एवढी त्यांची जागा. त्यांची धाकटी मुलगी आमच्या शाळेत आहे, म्हणून ते मला बाई म्हणतात.

गेली दोन वर्षं प्रत्येक सर्व्हिसिंगला ते मला एकच गोष्ट सांगत होते. बाई, टायमिंग बेल्ट. आणि मी दर वेळी म्हणत होते, पुढच्या खेपेला बघू. त्यांचा हिशेब सरळ होता: 80 हजार किलोमीटर किंवा सात वर्षं, जे आधी होईल ते. मी फक्त पहिला आकडा धरून बसले होते. 80 हजार कुठं झालेत अजून? त्यावर ते एकदा म्हणाले, "उभ्या गाडीतबी रबर म्हातारं होतंयच की." मला ते पटलं, पण हात खिशाकडं गेला नाही. पट्टा, टेन्शनर, आयडलर, त्याच्याबरोबर वॉटर पंप, कूलंट, मजुरी मिळून 8500 रुपये. पैशांचा प्रश्न होता, पण खरा अडसर पैशांचा नव्हता. न मोडलेली वस्तू काढून टाकायची, ही गोष्टच माझ्या अंगवळणी पडलेली नाही.

आमच्या घरात वस्तू संपेपर्यंत वापरत. आईचं लुगडं जीर्ण झालं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की तिचा तुकडा दाराशी पायपुसणं, आणि त्याच्याही चिंध्या झाल्या की चुलीवरचं भांडं उतरवायला. गिरणीचा पट्टा कामातून गेला तरी घराबाहेर गेला नाही. त्याचे वीतभर तुकडे कापून आबांनी गोठ्याच्या दाराला बिजागऱ्या म्हणून ठोकले होते. लोखंडी बिजागऱ्या पावसाळ्यात गंजून करकरतात, या कधी करकरल्या नाहीत. अशा घरात वाढलेल्या माणसाला धडका पट्टा फेकून दे म्हणणं म्हणजे अर्धी भाकरी टाकून ताटावरून ऊठ म्हणण्यासारखं आहे.

आबांची पिठाची गिरणी होती. आधी ती ऑइल इंजिनावर चालायची, गावात वीज आल्यावर मोटर बसली. मोटरच्या पुलीवरून गिरणीच्या पुलीवर चार बोटं रुंदीचा कॅनव्हासचा सपाट पट्टा. त्याचा जोड धातूच्या चिमट्यांचा. तो जोड पुलीवरून जाताना टक् असा आवाज यायचा, आणि ती टकटक म्हणजे आमच्या घराची नाडी होती. नाचणी असो की जोंधळे, ताल तोच. हरभऱ्याची डाळ दळायला आली की मात्र गिरणी जड व्हायची, आणि पट्टा सैल असेल तर तो तिथं बोलायचा. आधी फटफटायचा, मग पुलीच्या कडेला सरकायचा, मग घसरायला लागून जळक्या रबराचा वास सुटायचा. आबा परड्यापलीकडं घरात जेवायला बसलेले असायचे. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणायचे, "पट्टा सैल झालाय." उठून जायचे, पट्ट्याला राळ लावायचे. राळेनं भागलं नाही तर पट्टा उतरवून चार बोटं कापायचे, पुन्हा चिमटे ठोकायचे, आणि भिंतीवर तारीख लिहायचे.

यंत्र आधी बोलतं, मग थांबतं, असं ते म्हणायचे. मी हे इतक्या लहानपणी ऐकलं की तो माझ्या दृष्टीनं निसर्गाचा नियमच झाला. मिक्सर असो, पंखा असो, शाळेतला पाण्याचा पंप असो, मी कान देऊन ऐकते आणि बहुतेक वेळा माझा कान बरोबर निघतो. गाडीचंही तसंच. ब्रेकचे लायनर घासायला आले की मला कळतं. फॅन बेल्ट ओल्या सकाळी चिरकला की कळतं. म्हणून टायमिंग बेल्टचं नाव निघालं की माझं उत्तर तयार असायचं: गाडी काही बोलत नाही, मग कशाला खोलायची?

पण हा पट्टा बोलतच नाही. आणि का बोलत नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण इंजिनाचे चार ठोके मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले आहे. हवा आत घेणं, ती दाबणं, स्फोट, आणि धूर बाहेर टाकणं. या चार ठोक्यांत खालचा क्रँक दोन फेरे घेतो आणि तेवढ्यात वरचा कॅम एकच फेरा घेतो. त्या एका फेऱ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो, एकदा मिटतो. म्हणून कॅमच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या बरोबर दुप्पट दाते. या दोन चक्रांना एका वेळापत्रकात बांधून ठेवायचं काम त्या रबरी पट्ट्याचं. गिरणीचा पट्टा क्षणभर घसरला तर पीठ चार क्षण उशिरा पडेल, बिघडलं काय? इथं मात्र एक दाता जरी सरकला तरी वेळ चुकली. म्हणून याला दाते आहेत, आणि दाते आहेत म्हणून तो घसरत नाही, फटफटत नाही, वास सोडत नाही. त्याची सगळी बिघडण्याची वाट आतल्या आत. एक तर पूर्ण नीट, नाहीतर एका क्षणात तुटलेला किंवा दाते झडलेला. मधली पायरी बहुतेक वेळा कानाला लागतच नाही.

वर्गात हे सांगताना मी उखळाचं उदाहरण देते. माझी आई आणि चुलती, दोघी एका उखळात दोन मुसळांनी कांडायच्या. एकीचं मुसळ वर, तेव्हा दुसरीचं खाली. जागा एकच, वेळा दोन. मध्ये हुं हुं असा एक दबका हुंकार चालायचा, तोच त्यांचा ताल. मी शेजारी बसून उखळाबाहेर उडालेले दाणे वेचत असायचे, आणि एकदा कुणीतरी दारातून हाक मारली म्हणून चुलतीचा हुंकार चुकला तेव्हा मुसळावर मुसळ आदळलेलं मी पाहिलं आहे. कितीतरी वेळ तिच्या मनगटाला झिणझिण्या येत होत्या. डिझेल इंजिनातही तेच आहे. हवा अठरा-एक पट दाबायची म्हणजे पिस्टन माथ्यापर्यंत वर यायला हवं, तिथं मोकळी जागा ती कितीशी उरणार? त्याच जागेत व्हॉल्व्ह खाली उतरतो. दोघांचं जमतं ते केवळ दोघांच्या वेळा वेगळ्या म्हणून. पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि क्रँक मात्र चाकांच्या आणि फ्लायव्हीलच्या जोरावर फिरतच राहतो. मग पिस्टन येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतं.

मिस्त्रींच्या भिंतीला एका खिळ्यावर तारेत ओवलेले असे वाकडे व्हॉल्व्ह टांगलेले आहेत. ते त्यांना वॉल म्हणतात. मी एकदा त्यातला एक काढून मागितला. छत्रीच्या आकाराचा, देठ बारीक गुळगुळीत, डोकं चपटं. नुसत्या डोळ्यांना फारसं काही कळत नव्हतं. त्यांनी तो काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं ढकलला, तेव्हा त्याचं डोकं लंगडणाऱ्या पायासारखं वर-खाली झालं. वाकणं केवढं, तर अर्ध्या मिलिमीटरचं असेल नसेल. पण तेवढ्यानं व्हॉल्व्ह मिटत नाही, आणि तेवढ्यासाठी हेड उतरवावं लागतं, खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातो. गाडी घाटात किंवा हायवेवर मधल्या लेनमध्ये असताना हे झालं तर, याचा हिशेब पैशांत होतच नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन एक ढोबळ गणित केलं. गाडी किलोमीटरमागं साधारण दोन हजार फेरे क्रँक घेते असं धरलं, तर 61 हजार किलोमीटरला 12 कोटींवर फेरे. म्हणजे कॅमचे सहा कोटी. इतक्या वेळा प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या ठरलेल्या क्षणाला उघडला आणि पिस्टन येण्याआधी मिटला, आणि एकदाही चूक झाली नाही. याच पट्ट्यावर डिझेलचा पंप फिरत होता, पाण्याचा पंप फिरत होता. हे सगळं रबर, त्यात निजवलेले काचतंतूंचे दोर आणि दात्यांवर मढवलेलं नायलॉनचं कापड, एवढ्यावर. मला त्या पट्ट्याविषयी मनापासून आदर वाटला. आणि आपण त्याच्याकडून अजून किती मागतो आहोत असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

काम ठरलं ते ललितापंचमीला. त्या दिवशी अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीला जाते, तिकडं कोहळा फोडायचा सोहळा असतो, आणि शहराचे निम्मे रस्ते माणसांनी भरलेले असतात. शाळेला सुट्टी होती. मिस्त्री म्हणाले होते, "खंडेनवमीला मी हत्याराला हात लावत न्हाई. त्याच्या आत उरकू." सकाळी आठला मी गाडी लावली आणि तिथंच एक स्टूल घेऊन बसले. ते आधी थोडे अवघडले, मग विसरून गेले.

उजवं पुढचं चाक उतरलं, आतला प्लॅस्टिकचा पडदा निघाला. मग इंजिनाखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, कारण त्या बाजूचा माउंट काढल्याशिवाय पट्ट्याला हात पोचत नाही. इंजिन क्षणभर लाकडावर टेकून उभं राहिलं, हाड बसवायला आलेल्या माणसासारखं अगदी निमूट. क्रँक पुलीचा नट मोठ्या पाइपचा जोर लावूनही हलेना. शेवटी कर्रकन् एक आवाज झाला, आणि पोऱ्या म्हणाला, सुटला. कव्हर निघालं आणि आत तो पट्टा दिसला. 12 वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर उजेड पडला असेल.

इथून पुढं मिस्त्री बदलले. तोवर पोऱ्याशी, लेथवाल्याशी, माझ्याशी चाललेलं त्यांचं बोलणं थांबलं. मोबाईल त्यांनी पोऱ्याकडं दिला. पान्यानं क्रँक हळूहळू, एकाच दिशेनं फिरवत आणला, एका भोकाशी भोक जुळलं तसा त्यात खिळ्यासारखा एक पिन घातला. कॅमच्या चक्रात दुसरा, पंपाच्या चक्रात तिसरा. आता काहीच हलणार नव्हतं. तरी पुन्हा व्हाइटनरच्या बाटलीनं जुन्या पट्ट्यावर, चक्रांवर, शेजारच्या धातूवर बारीक पांढऱ्या रेघा ओढल्या. "पिन असताना रेघा कशाला?" मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "पिन इंजिनासाठी, रेघा माझ्यासाठी," म्हणाले.

मग टेन्शनर सैल केला आणि पट्टा हातात आला. तोच मी उजेडात धरून पाहिला.

नवा पट्टा बसायला वेळ लागणार होता, तोवर माझ्या डोक्यात डिंगोल्फिंग घोळत होतं. जर्मनीत बव्हेरियातलं हे गाव. तिथल्या ग्लास कंपनीनं 1962 साली आपल्या 1004 या छोट्या गाडीत असा दातेरी पट्टा बसवला, आणि मोठ्या संख्येनं तयार होणाऱ्या मोटारींत तो पहिल्यांदा आला तो तिथं. त्याआधी कॅमपर्यंत फेरा पोचवायला साखळी नाहीतर चक्रामागं चक्र. जड, महाग, आवाज करणारं. दातेरी पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत निघालेला होता, पण तो दुसऱ्या यंत्रांसाठी. मला याच्यात मोह पडतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ग्लास मंडळी मुळात शेतीची अवजारं बनवत. त्यांची ख्याती पेरणी यंत्रांची. मग स्कूटर, मग गोगोमोबिल नावाची इवलीशी गाडी, मग ही 1004. 1966 साली बीएमडब्ल्यूनं कंपनी विकत घेतली.

पेरणी यंत्र म्हणजे काय, तर चाकाच्या फेऱ्याला बियांचा हिशेब बांधून टाकणं. चाक इतकं फिरलं की इतकं बी पडलंच पाहिजे, बैल चालो की ट्रॅक्टर, हळू की भरभर. आपल्या तिफणीत हा हिशेब चाड्यावरच्या बाईच्या मुठीत असतो. यंत्रानं तो चाकाला जोडला. खालच्या फेऱ्याला वरची उघडझाप बांधायची हा कॅमचा प्रश्नही त्याच जातीचा. पेरणीच्या यंत्रातून तो विचार गाडीत गेला असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्यापाशी नाही. पण वेळेवर बी पडण्याचं मोल ज्यांनी पिढीभर ओळखलं होतं, त्यांच्याच कारखान्यात हा पट्टा पहिल्यांदा गाडीत बसला, याचा मला शेतकऱ्याची मुलगी म्हणून आनंद होतो.

एकदा हात घातलाच आहे तर म्हणून पाण्याचा पंप बदलला, आयडलरही. आयडलर म्हणजे पट्ट्याला वळण देणारी एक साधी पुली, आत बेअरिंग. मिस्त्रींनी जुना आणि नवा दोन्ही माझ्या दोन हातांत दिले. "फिरवून बघा, बाई." जुना मी बोटानं झटकला तर भिंगरीसारखा फिरत राहिला, थांबायचं नाव घेईना. नवा फिरवला तर जडपणे अर्धा फेरा घेऊन थांबला. मला वाटलं, जुनाच चांगला. इतका मोकळा, हलका!

"ग्रीस संपलंय आतलं," ते म्हणाले. "म्हणून हलकं फिरतंय. कानाला लावा."

मी तो कानाशी नेऊन पुन्हा झटकला. अगदी आत, दुरून ओढ्यात वाळू सरकावी तसा कोरडा आवाज होता. इंजिन चालू असताना तो कुणालाही, आबांनासुद्धा, ऐकू आला नसता. हातात घेतल्यावर ऐकू आला, पण हातात घ्यायचा म्हणजे आधी गाडी खोलायला हवी होती. ऐकण्यासाठी खोलावं लागतं, आणि मी तर ऐकू आल्याशिवाय खोलणार नव्हते.

काही इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती तेलात भिजत फिरते, सैल झाली की सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखडते. आबांना ती आवडली असती. आमच्या आधीच्या मारुती 800 मध्ये मात्र असाच पट्टा होता, हे मला इतक्या वर्षांनी मिस्त्रींकडून कळलं. तो कधी बदलला गेला असेल, कुणाच्या हातानं, कोणत्या बिलाच्या कोणत्या ओळीत, मला आठवत नाही. कुणीतरी माझ्या नकळत ती काळजी घेतली होती.

नवा पट्टा चढला. टेन्शनरचा काटा खाचेशी आला. पिना निघाल्या. आणि मग मिस्त्रींनी स्टार्टर न मारता पान्यानं, हातानं, क्रँक फिरवायला सुरुवात केली. एक पूर्ण फेरा. दुसरा. प्रत्येक फेऱ्यात दाब येतो तिथं पाना जड व्हायचा, ते थांबायचे, कान द्यायचे, पुढं ढकलायचे. कुठं काही अडलं तर हाताला कळतं आणि थांबता येतं. स्टार्टर थांबत नाही. असे कितीतरी फेरे झाले. पिना पुन्हा घालून पाहिल्या, तीनही सरळ आत गेल्या. लेथ बंद होता, दुरून पालखीच्या वाटेवरचा गलका येत होता. त्या निवांतपणात पान्याचं ते फिरणं मी पाहत राहिले. गाडीतल्या कामांत इतकं जपून केलेलं काम मी पाहिलं नव्हतं, आणि हे ज्याच्यासाठी चाललं होतं ते घडणार नाही एवढंच त्याचं फळ होतं. उद्या गाडी सुरळीत चालेल. कालही सुरळीत चालत होती. जुना पट्टा आणखी पाच हजार किलोमीटर गेला असता, की पुढच्या महिन्यात तुटला असता, हे मला कधीच कळणार नाही. शिक्षकाला हे अनोळखी नाही. एखादा मुलगा बिघडला की सगळ्यांना दिसतं. वेळेवर त्याच्या घरी जाऊन आल्यामुळं जो बिघडला नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. आवाज पूर्वीसारखाच.

जुना पट्टा मी घरी न्यायला मागितला. गोठ्याच्या बिजागऱ्या डोक्यात होत्या. मिस्त्रींनी तो आधी कात्रीनं कापला, मग दिला. "अख्खा बाहेर जाऊ देत न्हाई. कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसायचा." मग कव्हरवर एक पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्कर माझ्यापुढं धरला. "तुमचं अक्षर चांगलं. तुम्हीच लिवा." मी तारीख लिहिली, खाली 61,340 लिहिलं. त्याच्याखाली पुढच्या बदलाची तारीख लिहायची असते. सात वर्षं म्हणजे 2031. गाडीला 2027 मध्ये 15 वर्षं होतील, मग पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स. घरात आत्ताच बोलणं चालू आहे की तेव्हा ती काढून टाकावी. मार्कर हातात धरून मी थोडी थांबले. मग 2031 लिहिलं.

खंडेनवमीला माहेरी गेले. दादानं ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, विळे, खुरपी, कोयता धुऊन पाटावर मांडली होती. गिरणीच्या खोलीत आता खताची पोती असतात. नैवेद्य झाल्यावर मी किल्ली मागून घेतली. भिंतीवरच्या त्या तारखा पाहायच्या होत्या. मला आठवत होतं ते एवढंच, की पट्टा आखडला की आबा काळ्या ऑइलपेंटात काडी बुडवून लिहायचे.

पोती दोन हात सरकवली तेव्हा भिंत दिसली. तारखा दोन ओळींत होत्या. डावीकडची ओळ मला पाठ होती: पट्टा आखडला, पट्टा आखडला, कधी दोन महिन्यांनी, कधी पाच. वेड्यावाकड्या तारखा, पट्ट्यानं हाक मारली तशा. उजवीकडची ओळ मी लहानपणी वाचली असेल, पण ध्यानात घेतली नव्हती. तिथं वर्षाला एकच नोंद, दर वर्षी आश्विनातली अष्टमी. बेअरिंग उघडले. ग्रीस. दगडास टाकी. 1974, 1975, 1976. कुठल्याही वर्षी कारण लिहिलेलं नव्हतं. मग आठवलं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गिरणी बंद असायची आणि आबा कोपरापर्यंत काळे होऊन बसलेले असायचे. आम्हा मुलांना वाटायचं, पूजेसाठी साफसफाई चालली आहे. सबंध गिरणी न कुरकुरताच उघडली जायची, आणि घरात कुणी त्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

मी खाली बसून शेवटची नोंद शोधली. पोत्याच्या मागं, जमिनीपासून वीतभर वर, अक्षर थोडं थरथरलेलं. 1996, आश्विन शुद्ध अष्टमी. बेअरिंग उघडले. ग्रीस. दगडास टाकी.

त्या वर्षीच्या दिवाळीत गिरणी विकली. व्यवहार श्रावणातच ठरला होता, विसार आबांनी माझ्यासमोर घेतला होता.